काटेधोत्र्याची कुळकथा

पावसाळा सरला आणि रस्त्याकडेची हिरवळ वाळू लागली, की पडीक जमिनीत, उकिरड्याच्या कडेला आणि नदीच्या कोरड्या पात्रात एक काटेरी झाड डोके वर काढते. उंची फार तर कमरेइतकी. पाने निळसर हिरवी, त्यांवर शिरांचे पांढरे पट्टे, कडांना काटे आणि शेंड्याला लिंबाच्या रंगाचे नाजूक फूल. पान मोडले की हळदीच्या पाण्यासारखा पिवळा चीक येतो. शेळीसुद्धा त्याला सहसा तोंड लावीत नाही. आपण सर्वजणी हे झाड लहानपणापासून पाहत आलो आहोत. कोणी त्याला पिवळा धोत्रा म्हणते, कोणी काटेधोत्रा, कोणी फिरंगी धोत्रा, तर कोणी बिलायत. उत्तर हिंदुस्थानात त्याचे नाव सत्यानाशी असे आहे, आणि बंगालात शियालकाँटा, म्हणजे कोल्ह्याचा काटा.

एवढ्याशा तणासाठी स्मरणिकेची पाने का खर्ची घालावीत, असा प्रश्न काही भगिनींच्या मनात येईल. मी बरीच वर्षे शाळेत शास्त्र हा विषय शिकविला. निवृत्तीनंतर मंडळात येऊ लागले, तेव्हापासून दोन मते माझ्या कानावर सतत येत आहेत. एक मत असे, की झाडपाल्याचे औषध कधी अपाय करीत नाही. गुण आला तर आला, नाही आला तर नुकसान तरी नाही. दुसरे मत याच्या अगदी उलट, की झाडपाला म्हणजे अडाणीपणा, त्यात पाहण्यासारखे काही नाही. या दोन्ही मतांना काटेधोत्र्याच्या इतिहासाने उत्तर दिलेले आहे. ते उत्तर पुष्कळ माणसांचे प्राण आणि पुष्कळांची दृष्टी गेल्यानंतर मिळालेले आहे. म्हणून ते स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असावयास पाहिजे, असे मला वाटते.

प्रथम त्याच्या कुळाविषयी. नावात धोत्रा असला तरी शंकराला वाहतात त्या धोत्र्याशी याचे काही नाते नाही. तो धोत्रा वांगी-टोमॅटोच्या कुळातला. आणि हा काटेधोत्रा अफूच्या, म्हणजे आपल्या खसखशीच्या, कुळातला. काटेरी बोंड पाहून लोकांनी त्याला धोत्र्याच्या पंगतीत बसविले इतकेच. खसखस आपण अनारशाला लावतो. तिच्याच कुळातल्या या झाडाचे बी मात्र विषारी. कूळ एक असले म्हणून गुण एक असतोच असे नाही, हे वनस्पतींच्या बाबतीत पदोपदी ध्यानात ठेवावे लागते.

हे झाड मूळचे आपल्या देशातले नव्हे. त्याचे माहेर मेक्सिको आणि त्याच्या आसपासचा मध्य अमेरिकेचा प्रदेश. तिकडे त्याला चिकालोते म्हणतात. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ साली वनस्पतींना शास्त्रीय नावे दिली, तेव्हा या झाडाला ‘आर्जेमोन मेक्सिकाना’ असे नाव दिले. त्यातला मेक्सिको आजही त्याच्या जन्मगावाची साक्ष देतो. कोलंबस १४९२ साली अमेरिकेस पोहोचला, आणि त्यानंतर युरोपातील व्यापाऱ्यांच्या जहाजांतून अमेरिकेतील कितीतरी वनस्पती जगभर पसरल्या. आपल्या फोडणीतली मिरची, उपासाचा बटाटा, शेंगदाणा, पेरू, काजू, टोमॅटो ही सगळी त्याच वाटेने आलेली पाहुणे मंडळी. ती पाहुणी घरात आली आणि घरचीच झाली. काटेधोत्र्याला मात्र कोणी आमंत्रण दिले नव्हते. मोहरीएवढे त्याचे बी धान्याबरोबर, मालाबरोबर, जहाजाच्या तळातील माती-दगडांबरोबर कोठेही जाऊ शकते, आणि एकेक झाड हजारांनी बी सांडते. फिरंगी धोत्रा आणि बिलायत ही नावे ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे झाड परक्या मुलखातून आल्याचे नेमके उमगले होते, हे विशेष!

येथे एक गोंधळ झाला, आणि तो अजून पुरता निस्तरलेला नाही. चरकसंहितेत स्वर्णक्षीरी नावाची एक वनस्पती आली आहे. सोन्यासारखा ज्याचा चीक ती स्वर्णक्षीरी. पुढे वैद्यांना मूळ स्वर्णक्षीरी कोणती हे निश्चित सांगता येईनासे झाले. अशा वेळी पिवळ्या चिकाचे हे नवे झाड जागोजागी दिसू लागले, आणि जुने नाव अलगद त्याच्या अंगावर चढले. आजही कित्येक पुस्तकांत स्वर्णक्षीरी म्हणजे पिवळा धोत्रा असे छापलेले आढळते. परंतु जे झाड अमेरिकेचा मार्ग सापडेपर्यंत या भूमीवर नव्हते, ते चरकाला कोठून माहीत असणार? तेव्हा ‘हजारो वर्षांचे आयुर्वेदिक औषध’ असे म्हणून कोणी काटेधोत्रा आपल्या हाती देऊ लागला, तर त्या हजारो वर्षांचा अनुभव एका झाडाचा आणि हातात आलेले झाड दुसरे, हे त्याला नम्रपणे सांगावे. आयुर्वेदाची यात निंदा नाही. औषधाचे सगळे बळ ओळखीवर असते, आणि ओळख चुकली की शास्त्र कितीही जुने असले तरी त्याचा उपयोग नाही, एवढेच म्हणावयाचे.

या झाडाच्या शास्त्रीय नावात आणखी एक मौज आहे. ‘आर्जेमा’ हा ग्रीक शब्द डोळ्यातील फुलासारख्या एका विकाराचा वाचक आहे. त्या विकारावर चालणाऱ्या एका जुन्या वनस्पतीला ग्रीक लोक आर्जेमोन म्हणत, आणि लिनियसने तेच नाव या अमेरिकन झाडाला दिले. मेक्सिकोत याचा चीक डोळ्यांच्या तक्रारींवर वापरण्याची चाल होती. आपल्याकडेही खेडोपाडी डोळे आल्यावर हा पिवळा चीक डोळ्यांत घालण्याचा उपाय सांगणारी माणसे भेटतात. खरूज, नायटा, चिघळलेली जखम यांवर चीक लावणे, मुळीचा काढा देणे, बियांचे तेल कातडीला चोळणे असेही उपाय चालत आले. ही डोळ्याची गोष्ट ध्यानात ठेवावी; पुढे तिचा संबंध येणार आहे.

आता मुख्य कथा. ती घडली कलकत्त्यास. १८७७ सालच्या सुमारास त्या शहरात एक चमत्कारिक रोग पसरला. प्रथम काही दिवस जुलाब व ओकाऱ्या होत. मग दोन्ही पायांना सूज येई. बोटाने दाबले की खळगा पडे. पायांची कातडी लाल होऊन ठणके. चार पावले चालले की दम लागे, छाती धडधडे, आणि काही रोगी हृदय थकून दगावत. याला डॉक्टरांनी ‘एपिडेमिक ड्रॉप्सी’, म्हणजे साथीचा जलशोथ, असे नाव दिले. साथीचा म्हणावयाचे कारण असे, की एकाच घरातील अनेक माणसे एकाच वेळी आजारी पडत. पुढील वर्षी मॉरिशस बेटावरही हा रोग दिसला. तेथे उसाच्या मळ्यांवर मजुरीसाठी नेलेले हिंदी लोक पुष्कळ होते. नंतर फिजीमध्येही हिंदी वस्तीतच तो आढळला. जणू हा रोग हिंदी माणसाच्या शिदोरीत बांधून समुद्रापार गेला होता. आणि खरोखर तसेच होते, हे पुढे कळले.

परंतु कळावयास साठ वर्षे लागली. कोणी म्हटले हा संसर्ग आहे. कोणी म्हटले हा बेरीबेरी, म्हणजे सडीक तांदूळ खाणाऱ्यांना जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा रोग. तोही पायांना सूज आणतो, त्यामुळे हे अनुमान अगदीच अस्थानी नव्हते. पुढे कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेतील ॲक्टन आणि रामनाथ चोप्रा या नामवंत संशोधकांनी १९२० नंतरच्या दशकात दमट जागी साठविलेल्या तांदळात निर्माण होणाऱ्या विषावर बोट ठेवले. भाताचे पोते असे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. दरम्यान १९२६ साली सरकार नावाच्या एका डॉक्टरांनी काटेधोत्र्याच्या बियांच्या तेलाविषयी लिहून संशय व्यक्त केला होता. पण त्याकडे तितके लक्ष गेले नाही.

खरा उलगडा १९३७ च्या सुमारास झाला. रा. ब. लाल आणि स. चं. रॉय यांनी रोगाच्या घरांची पद्धतशीर पाहणी केली. कोणत्या घरात रोग आला आणि शेजारच्या घरात का आला नाही, त्या घरी तांदूळ कोठला, डाळ कोठली, तेल कोठले, असा तो शोध होता. बंगाल्यांचा सगळा स्वयंपाक मोहरीच्या तेलात. शोधाचा धागा त्या तेलापाशी येऊन थांबला. मोहरीच्या शेतात काटेधोत्रा तण म्हणून उगवतो, मोहरीबरोबरच पिकतो, आणि त्याचे काळसर बी मोहरीएवढेच असते. शेतात मिसळले तरी मिसळते, आणि लोभी व्यापाऱ्याने मुद्दाम मिसळले तरी चटकन ओळखू येत नाही. बियांत तेलही भरपूर. तेव्हा घाण्यात मोहरीबरोबर काटेधोत्राही गाळला जात होता, आणि घरची गृहिणी तेच तेल रोज प्रेमाने माशाच्या कालवणात घालीत होती.

संशय खरा की खोटा हे ठरविण्यासाठी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांना असे भेसळीचे तेल अन्नातून देण्यात आले, आणि त्यांच्या अंगी रोगाची लक्षणे उमटली. हे प्रयोग चोप्रा, लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ साली प्रसिद्ध केले. ज्या चोप्रांनी पूर्वी तांदळावर ठपका ठेवला होता, त्यांचेच नाव या प्रयोगांतही आहे. आपले पूर्वीचे मत पुराव्यापुढे बाजूला ठेवणे ही मोठी गोष्ट आहे. त्या स्वयंसेवकांची नावे आपल्याला माहीत नाहीत. पण आपल्या ताटातले तेल सुरक्षित राहावे म्हणून त्यांनी आपल्या देहाची परीक्षा घेऊ दिली, याची आठवण ठेवावी.

तेलातील विष नेमके कोणते, हे १९४८ साली एस. एन. सरकार यांनी दाखविले. त्याचे नाव सँग्विनारीन. त्याच्याच जोडीला डायहायड्रोसँग्विनारीन. ही द्रव्ये रक्ताच्या अतिशय बारीक वाहिन्या सैल करतात, त्यांच्या भिंती गळक्या होतात, आणि रक्तातील पाणी व पोषक द्रव्ये भोवतालच्या मांसात झिरपतात. म्हणून सूज येते. हृदयावर भार पडतो, म्हणून दम लागतो. आणि आता ती डोळ्याची गोष्ट. कलकत्त्याचे नेत्रवैद्य कर्वन यांनी १९३४ पासून असे नोंदविले, की या रोगाच्या कित्येक रोग्यांच्या डोळ्यांतील दाब वाढून काचबिंदू होतो. दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागतात, आणि वेळीच उपाय न झाल्यास दृष्टी जाते. पुढे १९५४ साली डॉ. हकीम यांनी सँग्विनारीन आणि या काचबिंदूचा संबंध प्रयोगांनी तपासला. पाहा, नियतीचा कसा उपहास! ज्या झाडाला डोळ्याच्या औषधाचे नाव मिळाले, आणि ज्याचा चीक लोक डोळ्यांत घालीत आले, त्याच झाडाच्या तेलाने माणसे आंधळी झाली.

एवढे सारे १९४८ पर्यंत कळले होते. कळले म्हणजे टळले, असे मात्र झाले नाही. १९५४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला. तरीही उत्तरेकडे मधून मधून हा रोग उठतच राहिला. सर्वांत मोठा घाला १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीवर पडला. तीन हजारांवर माणसे रुग्णालयांत दाखल झाली आणि साठांहून अधिक दगावली. सुटे मोहरीचे तेल विकण्यास बंदी आली. त्यानंतरही २००० साली ग्वाल्हेर, २००२ साली कनौज आणि २००५ साली लखनौ येथे रोगी सापडले. १८७७ आणि १९९८ यांत एकशे एकवीस वर्षांचे अंतर आहे. पहिल्या वेळी अज्ञानाने माणसे मेली, असे म्हणता येईल. दुसऱ्या वेळी तसे म्हणता येत नाही.

आपल्या महाराष्ट्रात काटेधोत्रा गावोगावी असूनही हा रोग इतका का फैलावला नाही? आपली वनस्पती निराळी आहे किंवा आपली प्रकृती बळकट आहे, असे काही नाही. आपल्या घरी तेल शेंगदाण्याचे, करडईचे किंवा तिळाचे, कोकणात खोबरेल. शेंगदाण्यात काटेधोत्र्याचे बी लपत नाही. म्हणजे अमेरिकेहून आलेल्या एका पाहुण्याने दुसऱ्यापासून आपला बचाव केला, असेच म्हटले पाहिजे. पण या बचावावर फार विसंबून चालणार नाही. आपल्या वस्तीत आता बिहार, उत्तर प्रदेश आणि बंगाल येथील किती कुटुंबे राहतात, आणि त्यांपैकी कित्येक भगिनी आपल्या मंडळाच्या सभासद आहेत! त्यांच्या घरी मोहरीचेच तेल चालते, आणि ते उत्तमही असते. आता आपणही लोणच्यासाठी, थंडीत अंगाला लावण्यासाठी ते आणू लागलो आहोत. तेल चांगले आहे. भीती आहे ती भेसळीची.

यासंबंधी तीन गैरसमज मी वारंवार ऐकते, त्यांचा येथेच निकाल लावते.

पहिला समज असा, की घाण्यावर डोळ्यांदेखत गाळून आणलेले तेल शुद्धच असणार. घाणा प्रामाणिक आहे, यात शंका नाही. पण त्यात जे घालाल तेच तो गाळतो. मोहरीत काटेधोत्र्याचे बी असेल, तर लाकडी घाणा तेही इमानाने गाळील. शंभर भागांत एक भाग काटेधोत्र्याचे तेल असले, तरी ते रोग उत्पन्न करण्यास पुरते, असे शास्त्रज्ञांनी सांगितले आहे. तेव्हा परीक्षा तेलाची नव्हे, आधी मोहरीची करावयाची. मूठभर मोहरी पांढऱ्या कागदावर पसरावी आणि भिंगातून पाहावी. मोहरीचा दाणा गुळगुळीत असतो; काटेधोत्र्याच्या दाण्यावर जाळीसारख्या बारीक खाचा असतात. एकदा ओळख पटली की डोळा चुकत नाही. तेलाची परीक्षा नायट्रिक आम्लाने होते. भेसळ असली की लालसर तपकिरी रंग येतो. पण ते आम्ल घातक असल्यामुळे हे काम प्रयोगशाळेचे आहे, घरी करावयाचे नाही. शिवाय अगदी थोडी भेसळ या परीक्षेतून निसटू शकते.

दुसरा समज असा, की तेल कडकडीत तापविले म्हणजे त्यातील दोष जळून जातो. फोडणीच्या उष्णतेने हे विष नाहीसे होते असे धरून चालू नये. कलकत्त्याच्या स्वयंपाकघरांतही तेल तापतच होते.

तिसरा समज सर्वांत नाजूक आहे. पोटात गेले तरच बाधते, अंगाला लावले तर काय होणार, असे पुष्कळजणी म्हणतात. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात असे रोगी नोंदलेले आहेत, की ज्यांनी दूषित तेल केवळ अंगाला चोळले होते. कातडीतून विष शरीरात गेले आणि रोग झाला. अंगावर पिणारी मुले या रोगातून बहुधा वाचतात, असे वैद्यकाच्या पुस्तकांत दिलेले आहे, कारण त्यांच्या पोटात ते तेल जात नाही. पण त्याच तान्ह्या बाळाला आपण जर रोज अशा तेलाने न्हाऊमाखू घातले, तर निसर्गाने दिलेले ते संरक्षण आपल्याच हातांनी काढून घेतल्यासारखे होईल. बाळंतिणीची आणि बाळाची मालीश ही आपल्याकडील फार चांगली रीत आहे. तिला गालबोट लागू नये म्हणून हे लिहीत आहे.

येथवर वाचून काही भगिनी म्हणतील, की मग हे झाड उपटून जाळून टाकावे हेच बरे. थांबा, कथा अजून संपलेली नाही. पश्चिम आफ्रिकेत माली नावाचा देश आहे. तेथे हिवतापाने लहान मुले फार दगावतात. तेथील खेड्यांत तापावर कोणकोणते झाडपाल्याचे उपाय करतात आणि त्यांतून कोण बरे झाले, याची संशोधकांनी घरोघर जाऊन नोंद केली. ज्या झाडाच्या काढ्याने अधिकांत अधिक गुण दिसला, ते झाड म्हणजे आपला काटेधोत्रा. मग त्यांनी पुढचे पाऊल टाकले. ३०१ रोगी घेतले. चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. एका गटाला काटेधोत्र्याचा काढा दिला, दुसऱ्याला हिवतापाचे नवे मान्यताप्राप्त औषध. अठ्ठावीस दिवस लक्ष ठेवले. काढ्याच्या गटात शंभरांपैकी ८९ जणांना दुसऱ्या औषधाची गरज पडली नाही. गोळ्यांच्या गटात ९५ जणांना पडली नाही. हा वृत्तांत २०१० साली प्रसिद्ध झाला.

ही बातमी लहान नाही. ज्या तणाने दिल्लीत माणसे मारली, तेच तण मालीत तापाला उतार देते, हे खरे आहे. पण त्यातील बारकावे नीट पाहावेत. विष मुख्यतः बियांत असते. मालीतील काढा बियांच्या तेलाचा नव्हता, तर पाल्याचा होता. त्यात बर्बेरीन, प्रोटोपीन अशी निराळी द्रव्ये असतात. यांपैकी बर्बेरीन आपल्या दारुहळदीतही आहे. काढ्याने रोग्यांचा ताप उतरला, तरी सर्वांच्या रक्तातील जंतू पुरते नाहीसे झाले नाहीत. जेथे हिवताप सदैव असतो तेथील लोकांच्या अंगी त्याच्याशी झुंजण्याची थोडी शक्ती आलेली असते. ती आपल्याकडे गृहीत धरता येत नाही. आणि संशोधकांनीही हा काढा दवाखाना दूर असलेल्या ठिकाणी प्रथमोपचार म्हणून विचारात घ्यावा, असेच सुचविले. गोळ्यांऐवजी तो घ्यावा, असे म्हटले नाही. आपल्या गल्लीच्या टोकाला दवाखाना आहे. आपल्याला तो काढा करण्याचे कारण नाही.

विषाचे औषध होऊ शकते, आणि औषधाचे विष. मधे असते ते मोजमाप. हिवतापावरील ज्या नव्या औषधाचा वर उल्लेख केला, तेही मूळचे चीनमधील एका साध्या रानटी वनस्पतीतून निघाले. त्या शोधाबद्दल तू यूयू या विदुषींना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी झाडाची नेमकी जात निश्चित केली, त्यातील द्रव्य वेगळे काढले, त्याचे प्रमाण ठरविले, आणि मग ते रोग्याला मिळाले. उलट उदाहरणही आहे. सँग्विनारीन हेच द्रव्य अमेरिकेतील ब्लडरूट नावाच्या वनस्पतीतून काढून गेल्या शतकाच्या अखेरीस तेथे दातांच्या पेस्टमध्ये व चुळा भरण्याच्या औषधात घालीत असत. ते वापरणाऱ्यांच्या तोंडात पांढरे चट्टे उठू लागल्याचे वैद्यांना आढळले, आणि ते द्रव्य त्यांतून काढून टाकण्यात आले. सुधारलेल्या देशातही झाडपाला आहे म्हणून तो निर्धोक, हा समज नडलाच.

आता आपल्या मंडळापुरते. यंदाच्या प्रदर्शनात वनौषधींचे एक टेबल मांडावयाचे ठरले आहे. त्यात कातडीच्या विकारांवर काटेधोत्र्याचे तेल बाटल्यांतून ठेवावे, अशी सूचना आली आहे. सूचना करणाऱ्या भगिनींचा हेतू चांगला आहे, आणि त्यांच्या आजोळी ते तेल वापरीत असत, हेही मला माहीत आहे. तरीही ते तेल आपण विकू नये, फुकटही देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या टेबलावरून घेतलेली बाटली कोणाच्या घरी कोठे ठेवली जाईल, कोणते मूल ती उघडील, कोणती सासू ती चुकून कढईत ओतील, हे आपल्या हाती नाही. मंडळाच्या नावावर लोक विश्वास ठेवतात. तो विश्वास जपणे ही आपली जबाबदारी आहे. त्या टेबलावर तुळस, अडुळसा, ओवा, सुंठ जरूर ठेवावीत. काटेधोत्र्याचेही एक झाड कुंडीत ठेवावे, शेजारी त्याचे बी आणि मोहरी दोन बशांत मांडून भिंग ठेवावे, आणि येणाऱ्या प्रत्येकीला त्यांतून पाहावयास लावावे. ही एक गोष्ट शिकून बायका घरी गेल्या, तर प्रदर्शनाचे सार्थक होईल.

लोणचे विभागासाठीही एक विनंती आहे. मोहरीचे तेल सुटे घेऊ नये. मोहोरबंद डबा घ्यावा, त्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक आहे की नाही ते पाहावे, आणि पावती फाईलला लावावी. चार पैसे जास्त पडले, तरी हरकत नाही. ज्या भगिनी गावाकडून मोहरी आणून तेल गाळून घेतात, त्यांनी ती आधी चाळून, निवडून घ्यावी. तांदूळ निवडण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना हे काही अवघड नाही.

आणि शेजारधर्म म्हणून एवढे प्रत्येकीने पाठ करून ठेवावे. एखाद्या घरातील दोघा-तिघांच्या दोन्ही पायांना एकाच वेळी सूज आली, आधी पोट बिघडले होते, जिना चढताना दम लागू लागला, किंवा दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागली, तर ती साधी थकव्याची सूज समजू नये. घरातील तेल त्या क्षणी बंद करावे, पण फेकून देऊ नये. बाटलीत भरून नाव-तारीख घालून ठेवावे. रोग्याला लगेच रुग्णालयात न्यावे आणि तेलाची गोष्ट डॉक्टरांना आपण होऊन सांगावी. अन्न व औषध प्रशासनालाही कळवावे. या रोगावर उतारा असे खास औषध नाही. तेल थांबविणे, विश्रांती आणि हृदयाची व डोळ्यांची काळजी हाच उपचार आहे, आणि तो लवकर झाला तर बहुतेक रोगी बरे होतात. १८७७ साली कलकत्त्याच्या गृहिणींना हे सांगणारे कोणी नव्हते. आपल्याला आता ते ठाऊक आहे. ते चार घरी जाऊन सांगावे, एवढेच माझे मागणे आहे.